थेंबवाल्या सरांच्या बायकोचं रक्त

थेंबवाले सर म्हणजे काय साधं प्रकरण होतं होय? बावीस वर्षं त्यांनी रक्ताच्या थेंबातल्या एकाच प्रथिनाचा पिच्छा पुरवला होता. ते वाढलं की समजावं, कॅन्सर नुकताच आत पाय टाकतोय, गाठ दिसायच्या कितीतरी आधी. त्यावर शंभरेक शोधनिबंध झाले, परदेशवाऱ्या झाल्या आणि येत्या रविवारी जीवनगौरव पुरस्कार.

वर्तमानपत्राला चाचणी करतानाचा फोटो हवा होता. रक्त कुणाचं घ्यायचं? सरांनी बायकोलाच बोलावलं. तिला त्याच सकाळी साखर तपासून घ्यायची होती, म्हणून बिचारी चहाही न घेता आली. सुईताईनं, म्हणजे प्रयोगशाळेत वीस वर्षं रक्त काढणाऱ्या बाईनं, नळी भरली. फोटो झकास आला. दुपारी आकडा आला आणि सरांच्या तोंडचं पाणी पळालं. मर्यादेच्या तिप्पट!

"हात दाखवून अवलक्षण," बायको म्हणाली आणि रडली. सरही रडले, खोटं कशाला बोला.

चार दिवस नखशिखांत तपासण्या झाल्या. गुरुवारी डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या, "काही नाही. ठणठणीत आहेत."

बायकोनं डोळे मिटून सुस्कारा सोडला. सर मात्र ताडकन उठले.

"पुन्हा बघा. असणारच."

"अहो, खरंच नाहीये."

"असणारच! माझी चाचणी चुकत नाही!"

बायकोनं खाडकन डोळे उघडले.

सर तरातरा प्रयोगशाळेत गेले. सुईताई शांतपणे म्हणाली, "मॅडम उपाशी होत्या, सर."

"मग?"

"आपले पेशंट उपाशीपोटीच येतात, बाकीच्या तपासण्या असतात ना त्यांच्या. आणि तुलनेला निरोगी म्हणून आपण घेतो आपलाच स्टाफ, अकरा वाजता, नाश्ता हाणून आल्यावर. मी मागेच म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, तू तुझी सुई सांभाळ."

शुक्रवारी सरांनी उपाशीपोटी स्वतःचं रक्त दिलं. तिप्पट! मग दोन अंडी, चार पाव खाऊन पुन्हा दिलं. आकडा एकदम सज्जन. बावीस वर्षं डोंगर पोखरला आणि निघाली काय, तर भूक! जी तान्ह्या पोराला रक्त न काढताही कळते.

संध्याकाळी ते घरी आले. "अगं, तुला काही झालेलं नाही. चाचणीच चुकीची आहे."

"मला काही झालेलं नाही, हे काल डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं. तुम्हाला आज पटलं." तिनं भाजी चिरायची सुरी खाली ठेवली. "आणि रविवारचं काय?"

"संस्थेचे संचालक म्हणतात, आमंत्रणं गेलीत. आधी सत्कार होऊ दे, दुरुस्तीचं मग बघू."

"बरं. मग पहिल्या रांगेत मी कोण म्हणून बसू? ठणठणीत, की आजारी?"

 सरांनी खिशातून रविवारच्या भाषणाचा कागद काढला, टेबलावर पसरला आणि 'माझी चाचणी चुकत नाही' या पहिल्याच ओळीवर काट मारली.