अडवून ठेवलेला बूट

"हा बूट मी करणार नाही," मोचीकाका म्हणाले आणि उजव्या पायाचा तो काळा बूट त्यांनी सरळ मांडीखाली सरकवला.

कवायतमास्तरांना आधी गंमतच वाटली. शाळेच्या वळणावर, घड्याळजीच्या दुकानाच्या भिंतीला टेकून हा माणूस तीस वर्षं बसत होता. मास्तरांच्या बुटाला त्याने कधी नाही म्हटलं नव्हतं.

"करणार नाहीस म्हणजे? पुढून उसवलाय, एक तुकडा लाव की झालं. दहाला पोरं मैदानावर उभी राहतात माझी."

"मास्तर, तीन आठवड्यांत तिसऱ्यांदा आलाय हा. आणि एकटाच येतो. डावा बघा, जसाच्या तसा आहे. तुमचा उजवा चवडा उचलला जात नाहीये. जमिनीला घासतोय."

"माझा पाय?" मास्तर इतक्या जोरात म्हणाले, की घड्याळजीने डोळ्याचं भिंग काढून बाहेर पाहिलं. "अरे, जन्मभर मी दुसऱ्यांना पाय उचलायला शिकवतोय!"

"म्हणूनच सांगतो. डॉक्टरला दाखवून या, मग बूट घेऊन जा."

मास्तर तणतणले, हातवारे केले, शेवटी घड्याळ बघितलं. खोळंबलेल्या गिऱ्हाइकांसाठी काका रबरी स्लिपरचा एक जोड ठेवत, तो पायांत सरकवून आणि डावा बूट बगलेत मारून ते शाळेकडे निघाले. त्या दिवशी कवायतीत मुलांनी हसू कसं दाबलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

मोचीकाकांना माणसं चेहऱ्यापेक्षा तळव्यांनी जास्त ओळखू येत. बूट हातात आला की आधी उलटा करायचा, ही त्यांची सवय. कोण टाचेवर भार टाकतो, कोण दिवसभर एका पायावर उभा राहतो, कोणाला नवी नोकरी लागून चालणं वाढलंय, सगळं तिथे लिहिलेलं असे. तोंडात चुका, म्हणजे बारीक खिळे, धरूनच ते गिऱ्हाइकांना सांगत, "आमच्या धंद्यात चुका तोंडात ठेवायच्या. हातून व्हायच्या नाहीत." लोक हसत. काकाही हसत. पण एक चूक त्यांच्या हातून झाली होती, आणि ती त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मास्तर पुन्हा आले. या वेळी शाळेचा शिपाई साक्षीदार म्हणून बरोबर होता.

"बूट दे. नाहीतर पोलिसांत जाईन."

"खुशाल जा. हवालदारांचे बूटपण माझ्याकडेच आहेत, टाचेला आलेत. त्यांनाही सांगा, संध्याकाळपर्यंत होतील."

शिपाई फिसकन हसला आणि मास्तरांची नजर पाहून खोकला. मास्तर पाय आपटत गेले. डावा आपटला. उजव्याचा नुसता घसटल्याचा आवाज आला. काकांनी तो ऐकला आणि हातातली आरी खाली ठेवली.

"काका, जुनं गिऱ्हाईक तोडताय," घड्याळजी म्हणाला. "तुम्हाला काय करायचंय? तुकडा लावा, विषय संपवा."

"तुकडा लावला तर विषय संपेलच," काका म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मास्तरांच्या बायको आल्या. बारीक चणीच्या, हातात भाजीची पिशवी. खोक्याजवळ उभ्या राहून हळूच म्हणाल्या, "भाऊ, द्या हो तो बूट. दोन दिवस सगळा राग ताटावर निघतोय. मीठ कमी, मीठ जास्त. मी तरी काय करू?"

"वहिनी, एक विचारू? जिना चढताना मास्तर कठडा धरतात का?"

त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"आताशा धरतात," त्या म्हणाल्या. "आणि शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो. मला वाटलं, वय झालं."

काकांनी मांडीखालचा बूट काढला, पण दिला नाही. पुढच्या झिजलेल्या कडेवर अंगठा फिरवत राहिले.

"आमच्या घरी चप्पल अशीच झिजायची. उजवीच. मी तीनदा पुढे तुकडा लावून दिला. वर तिलाच म्हणालो, मोच्याची बायको आणि पाय फरफटत चालतेस, लोक काय म्हणतील? ती हसली. माझ्यासमोर तेवढा पाय उचलायला लागली. चौथ्यांदा तुकडा लावायची वेळच आली नाही. डोक्यात गाठ होती. डॉक्टर म्हणाले, चार महिने आधी आणायला हवं होतं." काकांचा अंगठा थांबला. "ते चारही महिने चप्पल माझ्या हातात येत होती, वहिनी."

रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली. मास्तरांच्या बायकोने डोळे पुसले नाहीत. पदर खोचला आणि म्हणाल्या, "बूट तुमच्याकडेच राहू दे." आणि आल्या त्याच्या दुप्पट वेगाने घरी गेल्या.

त्यांनी मास्तरांना कसं नेलं ते कळलं नाही. आठवडाभराने शिपायानेच बातमी आणली. मानेच्या मणक्यात गाठ होती, नसेवर दाबत होती. ऑपरेशन झालं. आणखी थोडे दिवस गेले असते तर माणूस खुर्चीलाच खिळला असता. आता चालतील, पण पळणं संपलं. कवायतीला नवा मास्तर आला होता.

त्या दुपारी काकांनी बूट हातात घेतला. जुना जड तळ रापीने सोलून काढला, हलका घातला, आणि चवड्याकडून किंचित वर उचलून घेतला. दोन टाके मनासारखे पडले नाहीत, ते उसवून पुन्हा घातले.

तीन महिन्यांनी मास्तर आले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात डावा बूट. बायको दोन पावलं मागे, कारण हात धरायचा नाही अशी मास्तरांची ताकीद होती. गिऱ्हाइकाच्या खोक्यावर बसायलाच त्यांना बराच वेळ लागला. डावा बूट त्यांनी कसाबसा बांधला. उजवा काकांनी पुढे ठेवला आणि नाडी बांधायला वाकले.

"नको," मास्तर म्हणाले. "मी बांधतो."

बोटं ऐकत नव्हती. नाडी निसटे, मास्तर पुन्हा धरत. कपाळावर घाम आला. बायको पुढे सरकल्या, काकांनी त्यांना डोळ्यांनीच थांबवलं. मागे दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली. शेवटी गाठ बसली. वाकडी, पण घट्ट.

मास्तर काठीवर जोर देऊन उठले.

"तुम्ही बूट दिला नाहीत," ते म्हणाले, "ते बरं केलंत."

तीस वर्षांत त्यांनी काकांना पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हटलं होतं. काकांनी नुसती मान हलवली आणि दोऱ्याला उगाच पुन्हा मेण लावलं.

मास्तर निघाले. वळणापाशी शाळेचं मैदान लागतं. तिथे नव्या मास्तराची शिट्टी वाजली, शंभर पायांचा एकदम आवाज उठला. मास्तरांनी तिकडे पाहिलं नाही. ते खाली मान घालून, ओठांतल्या ओठांत मोजत चालले होते. एक, दोन. एक, दोन. आणि प्रत्येक 'दोन'ला उजवा पाय जमिनीपासून सुटत होता. जेमतेम दोन बोटं, पण सुटत होता.