टपावरचा खुशाल

खुशालच्या नव्या गाडीत डिजिटल रेडिओ होता. विकणाऱ्याने सांगितलं होतं, खरखर औषधालाही सापडणार नाही. सापडली नाहीच. आवाजही सापडला नाही.

सकाळचे साडेदहा. वडशाच्या नाटक कंपनीतला हा नायक कुरखेड्याकडे, सासऱ्याच्या अंगणात गाडी लावून बसला होता. त्याची आधीच रेकॉर्ड झालेली पंधरा मिनिटांची मुलाखत कुठेतरी हवेत सुरू झाली होती. मोबाईलला टॉवर नव्हता. मागच्या सीटवर सासरे, वारलू. नाटक हा काही धंदा नाही, हे ते बारा वर्षं म्हणत आले होते. यंदा म्हणाले, "रेडिओवर आयकू आला त मानीन."

खुशालने पुस्तिका उघडली.

१. वाहन मोकळ्या जागेत न्यावे.

नेलं, कापलेल्या धानाच्या बांधीत. तिन्ही बाजूंना जंगल. पुस्तिका लिहिणारा इकडे आलेला नसावा.

२. चार्जर काढावा.

काढला. रेडिओने आभार मानले नाहीत.

३. केंद्र पुन्हा शोधावे.

पडद्यावर आलं, 'शोधत आहे'.

"आमी बी शोधूनच राह्यलो," वारलू म्हणाले.

४. छतावरील अँटेना झाकलेला नाही, याची खात्री करावी.

खुशालने हे वाचलं आणि पान उलटलं.

"काऊन उलटलं?" शेजारी बसलेली त्याची बायको माधवी म्हणाली. "टपावर पाटी हाये न तुमची."

होती. नाटकाच्या जाहिरातीची, टिनाची, सहा फुटी. अँटेना नेमका खुशालच्या रंगवलेल्या हनुवटीखाली गाडला गेला होता. मोसमात पाटी उतरवायची नाही, हा कंपनीचा नियम, केलेला खुशालनेच.

"उतरवली त लोकाइले कसं समजन, कोण चाल्ला?"

"इथी तीन बकऱ्या हायेत. त्याइले मी सांगीन."

दहा चाळीसला नायक पाना घेऊन टपावर चढला. चौथा बोल्ट निघाला, पाटी बांधीत तोंडावर पडली, आणि रेडिओ बोलला. खरंच स्वच्छ.

"...सासऱ्यांनी पहिल्या दिवसापासून पाठिंबा दिला. आज मी आहे तो त्यांच्यामुळेच."

निवेदिकेने आभार मानले. हरभऱ्यावरच्या अळीची माहिती सुरू झाली.

माधवीने ओढणी तोंडात कोंबली. खुशाल खाली उतरेना.

वारलूंनी अळीचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग काचेतून मान बाहेर काढून वर पाहिलं.

"एवढं खोटं, अन् जीभ अडखळली नाई," ते म्हणाले. "नट हाये जवाई. मानलं."