संध्याकाळच्या हवेचा दोष

आईला बलूनमधून फिरवून आणायचं, हे चालकाचा परवाना मिळाल्यापासून लेकीच्या मनात होतं. पण सकाळच्या फेऱ्या गिऱ्हाइकांच्या. घरच्यांच्या वाट्याला नेहमी उरलंसुरलं येतं, तशी आईच्या वाट्याला उन्हाळ्यातली संध्याकाळ आली.

टोपलीत आई, मावशी आणि लेक. बर्नर भडाभडा पेटला, वरचं कापड टम्म फुगलं, टोपली मात्र जागची हलेना. कापड याहून तापवणं धोक्याचं होतं. कुणी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "माझंच धूड नडतंय. उतरते मी." लोकांनी आपल्या लठ्ठपणाला हसण्याआधी स्वतःच हसून मोकळं व्हायचं, ही तिची जन्माची खोड. ती उतरली आणि मेला तो बलून लगेच उठला. खाली उभी राहून आई हसत हात हलवत होती.

वर गेल्यावर लेकीने बाहेरच्या हवेचं तापमान पाहिलं आणि कपाळावर हात मारला. वजनाचा हिशेब तिने सवयीने सकाळच्या गारव्याचा धरला होता.

घरी आई कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

"उद्या पहाटे जायचं," लेक म्हणाली. "तू आणि मावशी, दोघी."

"पुरे झाली शोभा. मी काही आता त्या टोपलीत पाय ठेवत नाही."

"आई, चूक माझी होती. बलून उचलतो कशाने? आतली हवा तापून हलकी होते, बाहेरची गार आणि जड असते, म्हणून. आज बाहेरचीच दिवसभर तापून हलकी झाली होती. मग उचलणार काय, कप्पाळ?"

"समजूत घालतेस माझी."

"घालत नाहीये. तू जाड आहेसच, खोटं कशाला बोलू? पण सकाळी तेवढ्याच वजनाचं त्या टोपलीला काहीच वाटत नाही."

आई घडी अर्धवट टाकून तिच्याकडे बघत राहिली. इतकं सरळ तिच्याशी कुणी बोललंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशीची फेरी लेकीने पुढे ढकलली. गिऱ्हाइकं कुरकुरली, कुरकुरू देत. मैदानावर चांगलाच गारठा होता. मावशी आधी चढली. आई टोपलीशी घुटमळली, "नाहीच उठला तर?" म्हणाली आणि शेवटी चढली. लेकीने मुद्दाम गॅसचा एक जादा सिलिंडरही आत ठेवला. आईचा चेहरा पडला.

बर्नर पेटला. गवत पायाखालून कधी सुटलं ते आईला कळलंच नाही. झाडांचे शेंडे खाली गेले तेव्हा तिने दोन्ही हातांनी कठडा गच्च धरला.

"अगं, मी आत आहे ना?" तिने विचारलं.

"आहेस की."

"आणि तरी हे वर चाललंय?"

"चाललंय."

आई रडायलाच लागली. मग डोळे पुसून मावशीला म्हणाली, "सरक जरा तिकडे. मला नीट उभं राहू दे."