कॅप्टनला वर उडवताना

फुटबॉल संघाचा कॅप्टन ओगिनो निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, तरी त्याच्या वाढदिवसाला जुना संघ जपानमधल्या शिमिझुच्या बंदरालगतच्या मैदानावर जमायचाच. निशिवाकी यंदा पहिल्यांदा आला. पन्नाशीचे ढेरपोटे बाप्ये गुळाला मुंगळे चिकटावेत तसे ओगिनोला चिकटले होते. एक त्याचा ग्लास रिकामा होऊ देत नव्हता, दुसरा त्याचे बूट उचलून सावलीत ठेवत होता. शी!

निशिवाकी या संघाचा गोलरक्षक होता. एका सरावात त्याने ओगिनोच्या चार पेनल्टी लागोपाठ अडवल्या. चौथ्या वेळी चेंडू धरून तो जमिनीवर पडलेला असताना ओगिनो धावत आला आणि त्याने त्याच्या उजव्या हातावर बूट आपटला. दोन बोटं पुन्हा कधी वाकली नाहीत. त्याचं खेळणं कायमचं संपलं. "वेडावाकडा पडला," कॅप्टनने प्रशिक्षकांना सांगितलं. सगळ्या संघाने पाहिलं होतं, आणि सगळ्या संघाने मिठाची गुळणी धरली. निशिवाकीनेही. कॅप्टनविरुद्ध बोलणाऱ्याच्या शेजारी कोणी जेवायला बसत नसे. आज त्याला एकच हवं होतं, ओगिनोने सगळ्यांदेखत कबूल करावं.

संघातला होसाका शुभेच्छांचा चौकोनी पुठ्ठा घेऊन आला. मधोमध ओगिनोचं नाव, भोवती सगळ्यांचा मजकूर.

"लिही रे, तुझाच कोपरा राहिलाय. रिकामा बरा दिसत नाही."

'तुझ्यासारखा तूच.' 'पुढच्या जन्मीही तूच कॅप्टन.' वाचून निशिवाकीला शिसारी आली. त्याने लिहिलं, 'माझा हात तू मुद्दाम चिरडलास. कबूल कर.'

होसाकाने ते मोठ्याने वाचलं. सगळे ओगिनोकडे वळले. मग ओगिनो खो खो हसला.

"चार पेनल्टींचा तोरा अजून उतरला नाही बघा गड्याचा!"

झालं! सगळे पोट धरून हसले. "काय भन्नाट लिहिलंस रे," म्हणत कोणीतरी निशिवाकीच्या पाठीवर थाप मारली. हा माणूस एवढा लाडका, की त्याच्या पापाचीही गंमतच व्हायची.

"चला, उडवा कॅप्टनला!" होसाका ओरडला. "निशिवाकी, तू डोक्याखाली. गोलरक्षक ना तू?"

सगळ्यांनी ओगिनोला आडवा उचलून एकदा वर उडवला, झेलला, दोनदा उडवला. तिसऱ्या वेळी हात मागे घ्यायचे, असं निशिवाकीने ठरवलं. पडू दे मेल्याला! पण ओगिनो खाली आला आणि हात आपसूक पुढे गेले. घामेजलेली, बिअरचा भपकारा मारणारी मान त्या न वाकणाऱ्या बोटांवर येऊन टेकली.

"सोडणार नाहीस, ठाऊक होतं मला," ओगिनो त्याच्या कानाशी पुटपुटला. "मुद्दामच आपटला होता बूट. तेव्हाही गप्पच बसलास ना?"

"काय म्हणतोय रे कॅप्टन?" होसाकाने विचारलं. सगळ्यांचे कान निशिवाकीकडे लागले.

"काही नाही," निशिवाकी म्हणाला. "आभार मानतोय."

ओगिनोची किळस होतीच, आता स्वतःच्या जिभेचीही आली. त्याने हात पँटला खसाखसा पुसले.

"अजून एकदा!" सगळे ओरडले. निशिवाकी पुन्हा डोक्याखालच्या जागेवर जाऊन उभा राहिला.