थोरलीचं पोट

सोफ्यांच्या गाद्या शिवणारी थोरली जाऊ आदल्या रात्रीचं जेवण सकाळी जसंच्या तसं उलटून टाकायची. दोन घासांत पोट तट्ट फुगायचं. मधुमेह जुना. अन्न जागचं हलायचं नाही आणि इन्सुलिन मात्र आपलं काम करून मोकळं व्हायचं, मग साखर घसरून तिला दरदरून घाम फुटायचा.

स्वयंपाक धाकट्या जावेचा. ताट तसंच परत आलं की तिच्या जिव्हारी लागायचं. थोरलीला आपल्या हातचं आवडत नाही, असं तिने मनाशी धरलं आणि दोघींचं बोलणं कामापुरतं उरलं.

पुढे पाणीही पोटात ठरेना, तेव्हा धाकटीनेच तिला इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीने तपासलं. वाटेत अडथळा नव्हता. मग सोनोग्राफी केली. पडद्यावर जठर दिसलं, मिटून पडल्यासारखं. मधुमेहाने त्याला हलवणाऱ्या नसा दुबळ्या झाल्यात, असं त्यांनी समजावलं आणि सलाइनमधून औषध सुरू केलं.

धाकटीने बाटलीवरचं नाव वाचलं. मागे तिचा स्वतःचा घसा बिघडला होता, तेव्हा जंतूंवरच्या याच औषधाच्या गोळ्यांनी तिच्या पोटात नुसते पिळे पडले होते. तिने तसं सांगितलं.

"तुम्हाला जो त्रास झाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तोच यांना हवाय."

काही वेळाने त्यांनी पुन्हा यंत्र टेकवलं. जठराच्या भिंतीत एक खळगी पडली, हळूच पुढे सरकली, विरली. मागोमाग दुसरी. तिसरी तर चांगली जोरकस. धाकटीचा हात नकळत स्वतःच्या पोटावर गेला. इथेही हेच चाललं असेल, ती झोपलेली असताना, भांडत असतानासुद्धा.

"मी काहीच करत नाहीये," थोरली कुजबुजली. "आपोआप चाललंय."

बराच वेळ दोघी बघत राहिल्या.

"ताई, मला वाटायचं, तुम्हाला माझ्या हातचं गोड लागत नाही."

"अगं, वासानेच जीव कासावीस व्हायचा खायला. पोटच ऐकत नव्हतं."

या औषधाचा जोर पुढे ओसरतो, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. घरी जेवणाआधी घ्यायची वेगळी गोळी दिली, तीही थोडे दिवस. त्या गोळीने हात किंवा तोंड आपोआप हलायला लागलं तर लगेच यायचं. इन्सुलिनच्या वेळा बदलल्या. खाणं पातळ, थोडं थोडं. वाईट दिवस अजूनही येतात.

पण एका दुपारी वाटीभर सूप पोटात राहिलं, तेव्हा धाकटीने थोरलीच्या पोटाला कान लावला.

"काय ऐकतेस?"

"थांबा हो, आत केवढी वर्दळ आहे."