शेजारची सीट

मनुष्यजातीने चाकाचा शोध लावला तेव्हापासून आजतागायत हायब्रिड गाडीइतकं शहाणं वाहन झालेलं नाही. पेट्रोलने डोळे वटारले की ती विजेवर चालते, विजेने मान टाकली की पेट्रोलवर. दोघांपैकी एकजण कामावर असतोच. अशी गाडी बंद पडणं केवळ अशक्य.

आमची गुरुवारी सकाळी बंद पडली.

'आमची' म्हणायचं आपलं. गाडी बायकोची. मी नऊ वर्षं शेजारच्या सीटवर बसून "पुढे ट्रक आहे" एवढंच सांगत आलो. परवाना माझ्याकडेही आहे. पत्त्याचा पुरावा म्हणून त्याला तोड नाही.

मुलीला बाळ झालं तेव्हा बायको तीन आठवड्यांसाठी म्हणून तिच्याकडे गेली. त्या तीन आठवड्यांना आता तीन महिने झालेत. जाताना एकच काम सांगून गेली होती : "दर रविवारी गाडी अर्धा तास सुरू ठेवा. कुठे नेऊ नका, नुसती जागेवर सुरू ठेवा."

बुधवारी तिचा फोन आला. "अहो, ही म्हणतेय अजून सहा महिने राहा. गाडी चालू असेल तर मी शनिवारी येते. बसून बसून बिघडली असेल तर माझा भाऊ न्यायला तयार आहे, देऊन टाका त्याला. मग मलाही काही घाई नाही."

तेहतीस वर्षांचा संसार तिने एका बटणाला बांधून ठेवला. आणि गुरुवारी ते बटण दाबलं तर साधा दिवासुद्धा लागेना.

मेकॅनिक आला तो दारातून वाकून. सहा फुटांच्या वर माणूस, चष्मा दोऱ्याने गळ्यात, हातात डब्याएवढं यंत्र.

"शेवटची कधी सुरू केली होती, काका?"

"रविवारी. दर रविवारी करतो. घड्याळ लावून अर्धा तास."

"आणि तरी ही गत? कशी सुरू करता, दाखवा बरं."

मी शेजारच्या सीटवर बसलो, पट्टा लावला आणि हात लांबवून बटण दाबलं.

त्याने गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला.

"पट्टा कशाला?"

"सवय."

"आणि ब्रेकवर पाय?"

"ब्रेक तिकडे आहे."

"तेच म्हणतोय मी. ब्रेक न दाबता बटण दाबलं तर नुसते दिवे लागतात, रेडिओ वाजतो. गाडी सुरू होत नाही."

"पण ही गाडी सुरू झाली तरी आवाज करत नाही, असं बायकोनेच सांगितलं होतं."

"बरोबर आहे. सुरू न झालेलीही करत नाही."

मी पट्टा सोडला आणि खाली उतरलो.

"हिच्यात दोन बॅटऱ्या," तो पुढचं झाकण उघडत म्हणाला. "मोठी गाडी ओढते. छोटी तिला फक्त जागं करते. तेरा रविवार रेडिओ ऐकून तुम्ही छोटी संपवलीत. ती नसली की मोठी असून नसल्यासारखी. बसा आता काकूंच्या जागेवर, ब्रेक दाबा. मी इथून वीज देतो."

तिच्या जागेवर.

खरं सांगायचं तर रेडिओ मी ऐकतच नव्हतो. रविवारचा तो अर्धा तास मी रिकाम्या सीटशेजारी बसून असायचो. तिने सीट जिथवर पुढे ओढली होती तिथेच होती. तिच्या पाठीने पडलेला खोलगटपणा तसाच. हाताला लावायच्या मलमाचा वास दर रविवारी थोडा कमी भरायचा, म्हणून मी काच उघडत नव्हतो. एकदा तर समोरच्या भिंतीकडे बघून "पुढे ट्रक आहे" असंही म्हणून पाहिलं. कोणी "दिसतोय मला" म्हणालं नाही.

"सीट मागे घ्या, काका. मावणार नाही तुम्ही."

"नको."

"अहो, खाली दांडी आहे, ओढली की..."

"दांडीला हात लावायचा नाही."

मी गुडघे हनुवटीशी घेऊन कसाबसा शिरलो. आरशात मागची काच दिसायच्या ऐवजी मागची सीट दिसत होती, आणि त्या सीटवर तिची छत्री. मी मान खाली घातल्यावर आरसा बरोबर आला. म्हणजे एवढ्या उंचीवरून ती जग बघते तर! पाय ब्रेकवर ठेवला आणि बटण दाबलं. समोर हिरवी अक्षरं उमटली.

"झाली सुरू," मेकॅनिक म्हणाला.

मी कान देऊन ऐकलं. काहीच नाही. पण या वेळचं 'काहीच नाही' वेगळं होतं.

"तासभर अशीच राहू द्या. आणि छोटी बॅटरी उद्या नवी घालू, म्हणजे शनिवारची काळजी नको."

मी तिथूनच, गुडघ्यांच्या मधून, फोन लावला.

"अगं, सुरू आहे गाडी."

"आवाज नाही येत."

"नसतोच."

"मला शिकवता?" मग जरा थांबून, "तुम्ही कुठे बसलायत?"

"तुझ्या जागेवर. सीट हलवली नाही हं. तीन महिन्यांत एक बोटभरही नाही."

पलीकडे बाळ कुरकुरलं, कोणीतरी त्याला थोपटलं. तेहतीस वर्षांत न बोललेलं एक वाक्य मी जुळवायला घेतलं.

"येते मी शनिवारी," ती म्हणाली. "आणि हे बघा, तिथे बसलाच आहात तर सीटखाली हात घाला जरा. माझा केसांचा चिमटा पडलाय का, तेवढं बघा."