नव्या आवृत्तीत येईल

धाकटीने फळा पुन्हा पुसला. डायलिसिस केंद्रांसाठीच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती दोन वर्षांत तीनदा लिहायला घेतली, तीनदा अर्ध्यावर मोडली आणि आता चौथा आराखडा चार वाजता साहेबांपुढे ठेवायचा होता. तिचं बूड खुर्चीला टेकेना. यावेळी पाया पक्का घालायचा, असं ती स्वतःला बजावत होती. मागच्या तिन्ही वेळी हेच बजावलं होतं, पण ते आठवायला सवड कोणाला?

टीमचा एक कडक नियम होता: जुन्या आवृत्तीला हात लावायचा नाही. जी उद्या मोडीत निघणार, तिची डागडुजी कशाला? नियम तिनेच केलेला.

दुपारी ताईचा फोन आला. ताई एका केंद्रात त्याच सॉफ्टवेअरवर रुग्णांच्या पाळ्या लावायची.

"अगं, मला लेखी ताकीद मिळाली. पुन्हा एका आजोबांची पाळी माझ्या हातून रद्द झाली. बिचारे चार तास बाकावर धापा टाकत बसले. आता आणखी एक चूक झाली की घरी बसा म्हणालेत."

"त्या बटणामुळे?"

"दुसरं काय! 'रद्द' आणि 'जतन' एकमेकांना खेटून. गर्दीत बोट चुकतं. कितीदा सांगितलं तुला!"

"ताई, नव्या आवृत्तीत..."

"येईल. माहीत आहे." ताईने फोन ठेवला.

धाकटीने आराखडा चाळला. सत्तावीस पानं, आणि ते बटण कुठेच नव्हतं. तिला स्वतःचीच चीड आली. तिने जुना कोड उघडला, 'रद्द' दुसऱ्या टोकाला नेलं, त्यावर 'नक्की?' असा प्रश्न जोडला. चाचणीवाल्याने नियमाची आठवण करून दिली.

"नियम गेला खड्ड्यात. नीट तपास आणि पाठव," ती म्हणाली.

चार वाजता साहेबांनी विचारलं, "मग, नवी आवृत्ती कधी?"

"आज गेली. पुढची सोमवारी. लोकांनी मागितलेलं एकेक करत जाऊ, जुन्यातच."

ती बाहेर येते तोच ताईचा फोन.

"झालं गं! आता बोट चुकलं तरी आधी विचारतं. किती वेळ लागला?"

खोटं बोलावं असं फार वाटलं तिला. "चाळीस मिनिटं."



"एवढंच?" ताईने हळूच विचारलं. ती ओरडली असती तर परवडलं असतं.